किल्ली उचला, जाऊ नका

कापगते मास्तर कुंपणाशी आले, तोंडात दातवण.
"सिस्टर, तुमचा कुत्रा मोठा रडते.
गाडी बोडीच्या पारीवर गेली का सुरू,
मंग दुपारपावतर थांबत नाही.
मारत तं नाही ना त्याले?"

मारत नाही.
ढेमस्या त्याचं नाव. पिल्लू होता तेव्हा
ढेमसासारखाच गोल,
पोलिओच्या रविवारी उपकेंद्राच्या पायरीवर
डोस घेणाऱ्या पोरांच्या रांगेत
कुणीतरी सोडून गेलेला.

गुरांच्या दवाखान्यात हटवार डॉक्टर
म्हशीच्या खुरातली गिट्टी काढता काढता म्हणाले,
किल्ली उचला, जाऊ नका.
चप्पल घाला आणि भाजी निवडत बसा.
दार लावा, तो भुंकायच्या आत उघडा.
आधी पाच मोजा, मग दहा.
गप्प राहिला तर एक सुका झिंगा द्या,
पण परत आल्यावर लाड करू नका,
जसं काही झालंच नाही.

म्हणून मी हेल्मेट घालून
पायरीवर लाखोरीची भाजी खुडत बसते.
कुलूप लावते, काढते, लावते.
आशाताई रस्त्यावरून विचारते,
काही हरवलं का जी, सिस्टर?

दाराबाहेर उभी राहते मनगटावरचं घड्याळ धरून,
ज्याच्या सेकंद काट्यावर मी बाळांचे श्वास मोजते
झबलं वर करून,
पोट वर, पोट खाली,
पन्नासच्या पुढे गेले की चिठ्ठी लिहायची, भंडारा.
त्याच काट्यावर आता
एका कुत्र्याचं गप्प बसणं.
सात. सातला भुंकला.
परत पाचपासून.
आठवडाभराने चाळीस झाले
आणि मला उगाच वाटलं, कुणाला तरी सांगावं.
मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, चाळीस काय?

मग त्या रात्री मोहटोलीहून माणूस आला,
शेवंताचे दिवस भरले होते, पाणी गेलं होतं.
किल्ली उचलली आणि गेले.
भाजी नाही, झिंगा नाही, मोजणं नाही.
गाडी सुरू करताना मागे पाहिलं नाही,
पाहिलं असतं तर हटवार रागावले असते
असं मी स्वतःला सांगितलं.

पोर झालं, रडलं नाही.
निळसर, ओलं, गप्प.
पाठ चोळली, तोंडातलं पाणी ओढलं,
तळव्यांवर टिचक्या मारल्या,
रड ना बापा, रड,
सबंध वस्ती उठव, मास्तरांची झोप मोड,
आणि काटा फिरत होता,
एकोणीस, वीस,
मी आठवडाभर जे शिकवत होते
त्याच्या बरोबर उलटं मागत होते.

रडलं. कितव्याला ते आठवत नाही.
शेवंताच्या सासूने चहात साखर फार टाकली.

पहाटे पारीवर येऊन गाडी बंद केली.
ऐकलं.
धानाच्या बांधीत बगळे, दूर कुणाचा तरी पंप,
घराकडून काहीच नाही.
इतके दिवस हेच हवं होतं
आणि कुलपात किल्ली जाईना.

तो आत जागाच होता,
माझ्या जुन्या चपलेवर हनुवटी टेकून.
वर बघितलं, शेपटी एकदा जमिनीवर आपटली,
उठला नाही,
जसं काही झालंच नाही.
मीच खाली बसले मग,
डेटॉलचा वास येणारे हात त्याच्या मानेत,
सगळे झिंगे एकदम.

मास्तर सकाळी कुंपणाशी.
"रातभर हू नाही का चू नाही.
मी दोनदा उठून टॉर्च मारला, सिस्टर,
म्हटलं आहे का गेला."

गुरुवारी लशींचा डबा घेऊन निघाले.
कुलूप, हेल्मेट, बोडीचं वळण.
मागून एकदा भुंकला. एकदाच.
गाडी थांबवली नाही.
हळू केली थोडी.